एकटीचं कोर्ट

वसुधा दिघे आयुष्यात एकदाच असं खोटं बोलली की तिची झोप उडाली, आणि तेही टेनिसपायी.

पार्ल्याच्या टेनिस क्लबात अंधेरीच्या स्पर्धेसाठी नावं घेणं चाललं होतं. क्लब म्हणजे काय, तर एका बंगल्यामागचं शेणाने सारवलेलं एकुलतं एक कोर्ट, त्यावर चुन्याच्या रेघा आणि कडेच्या बाकावर खेळण्यापेक्षा बोलण्यातच जास्त दमणारी चार माणसं. सेक्रेटरी बाळ गुप्ते यांनी रिवाजाप्रमाणे मिक्स्ड डबल्समध्ये दिघे नवरा-बायकोची जोडी न विचारताच टाकून दिली. तेव्हा वसुधाच्या तोंडून निघून गेलं की बायकांच्या सिंगल्समध्येही तिचं नाव घालावं. गुप्त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि दिघ्यांना विचारलंय ना, अशी चौकशी केली. वसुधा हो म्हणाली. विचारलं नव्हतं. घरी येऊन तिने वरणाला दोनदा मीठ घातलं.

आता चौतिसाव्या वर्षी, घरात सासूबाई, शाळेत सातवीचा भूगोल आणि दोन मुलींच्या वेण्या, एवढं सगळं असताना हे हात दाखवून अवलक्षण कशाला, असं कुणीही विचारलं असतं. तिनेही स्वतःला विचारलं. उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. शाळेतल्या क्षमा कर्णिकबाई एकदा मधल्या सुट्टीत डबा खाता खाता सहज म्हणाल्या होत्या, "तुझं बरं आहे गं. उभं राहायचं आणि कप घ्यायचा. धावायला नवरा आहेच." सगळ्या बायका हसल्या. वसुधाही हसली. पण तो घास काही तिच्या घशाखाली उतरेना, कारण हे खोटं आहे असं तिला छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

तिचं टेनिस हे लग्नात मिळालेलं. श्यामसुंदर विमा कंपनीत नोकरीला आणि उरलेला सगळा वेळ टेनिसला. लग्न झालं तेव्हा क्लबात मिक्स्ड डबल्सला जोडीदारीण नव्हती. ती त्याने घरातच तयार केली. शिकवलं मोठ्या जिव्हाळ्याने, यात शंका नाही. पण शिकवलं आपल्या सोयीने. वसुधाने पुढे, उजवीकडे उभं राहायचं. अंगावर येईल तो चेंडू मारायचा. डावीकडचा, डोक्यावरून जाणारा आणि जरासा शंकास्पद, असे सगळे चेंडू त्याचे. तसा चेंडू आला की मागून आवाज यायचा, "सोड!" आणि वसुधा बाजूला व्हायची. संध्याकाळी क्लबाच्या कुंपणाबाहेरून जाणाऱ्यांनाही दिघ्यांचं हे "सोड" ओळखीचं झालं होतं. आठ वर्षांत या पद्धतीने क्लबाचा कप तीनदा घरी आला आणि कपाटावर बसला. पुसायचं काम वसुधाकडे होतं, आणि पुसताना अलीकडे तिला वाटायचं, यात माझं काय आहे? हे एकदा तरी कळायला हवं होतं. एक सामना, एकटीने जिंकलेला. मग टेनिस सोडावं लागलं तरी चालेल, असं ती मनाशी म्हणायची, आणि ते काही खरं नव्हतं.

खोटं आठ दिवसांतच उघडं पडलं. क्लबाच्या फळ्यावर सामने लागले आणि श्यामसुंदर घरी आला तो हसतच. रागावला नाही, हेच वाईट झालं. रागावला असता तर भांडता आलं असतं. त्याने पायातले बूट न काढता सासूबाईंना बातमी दिली की तुमची सून एकटी उतरते आहे मैदानात, आणि पहिल्याच सामन्याला समोर खारची प्रेमा तळपदे आहे. प्रेमा तळपदे हे नाव ऐकल्यावर वसुधाच्या तोंडचं पाणी पळालं. प्रेमा लहानपणापासून खेळत आलेली, वडिलांच्या बंगल्यात स्वतःचं कोर्ट असलेली, आणि गेल्या वर्षी अंधेरीलाच शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलेली.

सासूबाईंना प्रेमाचं काही नव्हतं. त्यांना प्रश्न पडला होता कपड्यांचा. क्लबात वसुधा पांढरी पाचवारी खोचून खेळायची. पण एकटीने सगळं कोर्ट सांभाळायचं म्हणजे साडी पायात येणार. वसुधाने पांढरी सलवार आणि गुडघ्यापर्यंतचा सदरा शिवून घेतला होता. तो दोरीवर वाळत पडलेला पाहून सासूबाईंनी विचारलं, हे कोणा पंजाब्याचं धुणं आपल्या दोरीवर आलं? कळल्यावर त्यांनीच सदऱ्याची बाही उसवून खांद्याला मोकळी करून दिली. हात वर जायला हवा ना, एवढंच म्हणाल्या.

श्यामसुंदरने मात्र शिकवणी लावली. रोज संध्याकाळी तो पलीकडून चेंडू टाकायचा आणि ती मारायच्या आत सांगायचा, कुठला मार, कुठला सोड. सांगायचा ते बहुतेक बरोबरच असायचं. वसुधाला रात्री स्वप्नातही चेंडू दिसायचा नाही, फक्त आवाज ऐकू यायचा. अंगावरच्या चादरीलाही आता सोडावं की धरावं, अशी तिची गत झाली.

शनिवारी दुपारी दोघं घोडागाडीने अंधेरीला निघाली. सबंध रस्ताभर श्यामसुंदर प्रेमाच्या खेळाबद्दल सांगत होता आणि वसुधा घोड्याचे कान बघत होती. पार्ल्याच्या बिस्किटांच्या कारखान्याचा वास मागे पडला आणि ताडांची झाडं आली. वाटेत एकदा तिला आशा वाटली की गाडीचं चाक निखळेल. अंधेरीच्या गाड्या तेवढ्यापुरत्या मजबूत निघाल्या.

जिमखान्याचं कोर्ट पार्ल्याच्या दुप्पट मोठं वाटत होतं. मोठं नव्हतं, पण पार्ल्याला चहूबाजूंनी आंब्याची झाडं आणि बंगल्यांच्या भिंती, तर इथे सगळं उघडं. शिवाय कोर्ट पूर्व-पश्चिम आखलेलं, त्यामुळे दुपारनंतर एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांत सरळ ऊन. स्थानिक मंडळी त्यावरून एकमेकांना नावं ठेवत होती. खुर्च्यांच्या दोन रांगा, उंच स्टुलावर पांढरी टोपी घातलेले पंच. प्रेमा तळपदे पस्तिशीची, सडपातळ, खेळकर बाई निघाली. तिने वसुधाचा हात हातात घेतला आणि तो गार पडलेला पाहून म्हणाली की आपल्या पहिल्या सामन्याला आपल्याला उलटी झाली होती. वसुधाला त्याने धीर यायला हवा होता. तिला उलटीची आठवण झाली एवढंच.

श्यामसुंदर पहिल्या रांगेत, मध्यावर, कोकमाच्या सरबताची बाटली मांडीवर घेऊन बसला.

पहिला सेट कसा गेला हे वसुधाला नीट कळलंही नाही. उजवीकडे आलेले चेंडू ती मारत होती, आणि बरे मारत होती. पण चेंडू डावीकडे पडला की तिचे पाय थांबायचे. भीतीने नव्हे, शिस्तीने. डावी बाजू म्हणजे दुसऱ्याचं अंगण. तिथे न विचारता कसं जायचं? आठ वर्षं तिथे कोणीतरी होतं. आता चेंडू तिथे पडायचा, उसळायचा, मागच्या जाळीवर आपटायचा, आणि वसुधा त्याच्याकडे पाहुण्यासारखी बघत राहायची. प्रेक्षकांतून कोणीतरी हसलं. प्रेमाला दोन गेममध्येच कळलं की या बाईला डावीकडे आणि डोक्यावरून चेंडू दिला की काम झालं. ती काही दुष्ट नव्हती. पण स्पर्धा म्हणजे हळदीकुंकू नव्हे. सहा-दोन असा सेट गेला.

वसुधाच्या मनात क्षमाबाईंचं वाक्य डब्याच्या झाकणासारखं खडखडत होतं. खरंच होतं म्हणजे. उभं राहणारी बाई. समोर शंभर माणसं बसलेली असताना रडू येईल या भीतीने तिने रॅकेटची तार नखाने उगीच सारखी केली.

दुसऱ्या सेटमध्ये एक-एक अशी बरोबरी झाली आणि प्रेमाने एक चेंडू उंच टाकला. वसुधा मागे धावली. तिने रॅकेट वर नेली. चेंडू बरोबर हातात येत होता. आणि खुर्च्यांतून खणखणीत आवाज आला, "सोड!"

हात आपोआप खाली आला. चेंडू रेघेच्या चांगला वीतभर आत पडला.

मग पंचांनी स्टुलावरून वाकून अत्यंत सभ्य इंग्रजीत त्या गृहस्थांना विनंती केली की बाहेरून सांगू नये. श्यामसुंदरचे कान लाल झाले. त्याने उभं राहून माफी मागितली, पंचांची मागितली, प्रेमाची मागितली. वसुधाची मागायची त्याला आठवण राहिली नाही, आणि तिलाही तेव्हा ते जाणवलं नाही. तिला एवढंच जाणवलं की हात तिचा होता, चेंडू तिचा होता, आणि खाली मात्र दुसऱ्याच्या आवाजाने आला.

त्यानंतर श्यामसुंदरने तोंडात रुमाल धरला म्हणाल तर चालेल, इतका तो गप्प बसला. पण पुढच्याच चेंडूला वसुधाच्या लक्षात भलतंच आलं. चेंडू वर गेला की तिची मान चेंडूकडे वळत नव्हती. आधी खुर्च्यांकडे वळत होती. आणि तिथे त्याचा उजवा पंजा मांडीवरून दोन बोटं वर उचलला जात होता. बाटलीच्या आडून. त्याला स्वतःलाही ते कळत नसावं. पंजा उचलला की ती थांबायची, नाही उचलला की मारायची. गेम गेला. एक-दोन.

बाजू बदलताना ती सरबतासाठी त्याच्याजवळ गेली. बाटली घेतली, पण तोंडाला लावली नाही. बोलायचं काय ते ठरलं होतं, पण आजूबाजूला पार्ल्याची चार माणसं, गुप्ते सपत्नीक. नवऱ्याला चारचौघांत उठवणारी बाई अजून त्यांच्या आळीत जन्माला यायची होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन बसता का?"

त्याला वाटलं, तिला काही आणून हवंय. "काय आणू?"

"काही नको. फक्त बाहेर बसा. फाटकापलीकडे, चहावाल्याकडे. तिथून दिसत नाही."

"अगं, मी आता तोंडही उघडलं नाही."

"हात उघडता," वसुधा म्हणाली. "मी तुमच्याकडे बघते. तुम्ही आहात तोवर मी बघतच राहणार."

त्याने आपल्या पंज्याकडे पाहिलं. मग गुप्त्यांकडे, मग जमिनीकडे. तो उठला, खुर्ची उगीच सरळ केली आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवत बाहेर गेला. त्याची पाठ पाहून वसुधाला इतकं वाईट वाटलं की तिने त्याला परत बोलावलं नाही, हेच नवल. पंचांनी वेळ झाल्याची खूण केली, तशी तिने बाटली त्याच्या खुर्चीवर ठेवली.

आता ती खरी घाबरली. इतका वेळ निदान चुकायला कोणीतरी सोबत होतं. पहिला उंच चेंडू आला, मान सवयीने खुर्च्यांकडे वळली, तिथे रिकामी खुर्ची आणि तिच्यावर सरबताची बाटली. पॉइंट गेला. दुसऱ्या वेळी मान अर्धीच वळली. तिसऱ्या वेळी चेंडू डावीकडे आला आणि तिच्या मनात स्पष्ट आलं की इथे आता कोणी येणार नाही. न मारला तर हा चेंडू कोणाचाच नाही. ती गेली. उलट्या हाताने, पायात पाय अडकवून, अत्यंत कुरूप असा तो फटका तिने मारला, आणि तो जाळीवरून कसाबसा पलीकडे जाऊन प्रेमाच्या पायाशी मेल्यासारखा पडला.

गुप्त्यांच्या बायकोने टाळी वाजवली. एकटीनेच.

तिथून खेळ सुंदर झाला असं म्हणता येणार नाही. पण वसुधाकडे दमायला पुष्कळ शिल्लक होतं, कारण आठ वर्षं ती अर्ध्याच कोर्टात धावली होती. ती डावीकडे धावली, मागे धावली, दोनदा पडली, सलवारीच्या गुडघ्याला माती लागली. भीती गेली नव्हती. पण भीतीलाही आता कामाला लागावं लागत होतं. दुसरा सेट सहा-चार असा तिच्याकडे आला तेव्हा तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. तिने पंचांना पुन्हा विचारून घेतलं.

तिसऱ्या सेटला प्रेमाचा खेळकरपणा ओसरला. गेम एकेक करून इकडे-तिकडे गेले आणि पाच-तीनवर वसुधा सामन्यापासून एका पॉइंटवर येऊन उभी राहिली. आता हा एक, असं तिच्या मनात आलं. प्रेमाने उंच चेंडू टाकला. वसुधाने वर पाहिलं. खूप उंच, खूप लांब. हा बाहेर जाणार. नक्की जाणार. सांगायला कोणी नव्हतं. तिने आपण होऊन ठरवलं आणि हात खाली घेतला.

चेंडू वर जाऊन जणू रेंगाळला आणि सरळ खाली आला. मागच्या रेघेवरचा चुना उडाला.

प्रेक्षक हळहळले. पुढचे दोन पॉइंट वसुधाने भानावर नसल्यासारखे घालवले, गेम गेला, पाच-चार. बाजू बदलताना तिला फाटकाकडे धावत जाऊन श्यामसुंदरला हाताला धरून आणावंसं वाटलं. तो असता तर असा चुकला नसता. चेंडूकडे बघण्याची त्याची नजर होती, तिची नव्हती. क्षमाबाई बरोबर होत्या. रिकाम्या खुर्चीवरची बाटली उचलून तिने दोन घोट घेतले, आणि सरबत पिता पिता तिच्या गालाला वारा लागला. पश्चिमेकडून, जुहूकडून येणारा, खारट.

खारे वारे. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. गेली दहा वर्षं ती हे फळ्यावर बाणांनी काढून सातवीला समजावत होती, आणि पार्ल्याच्या त्या भिंतींआडच्या कोर्टावर कधी तिने वर पाहिलं नव्हतं. मघाचा चेंडू वाऱ्याच्या तोंडावर आला होता, म्हणून अडून आत पडला. आता ती पूर्वेच्या बाजूला होती. आता वारा प्रेमाच्या पाठीमागून येणार होता.

पण आता समोर सूर्य होता. प्रेमाही काही कच्ची नव्हती. या बाजूला ऊन डोळ्यांत जातं हे तिला ठाऊक होतं आणि ती चेंडू उंचच टाकत होती. वसुधा अंदाजाने मारत राहिली. दोन गेले, तीन आले. पुन्हा एका पॉइंटवर सामना.

आणि पुन्हा तोच चेंडू. वर गेला, आणि उन्हात नाहीसा झाला.

दिसतच नव्हता. मारायचा म्हटलं तर मागे धावून, पाठ वळवून काहीतरी करता आलं असतं. निदान मारला असं तरी झालं असतं. सोडला आणि पुन्हा रेघेवर पडला, तर त्या शंभर माणसांसमोर एकच चूक दोनदा करणारी बाई ठरणार होती ती, आणि आयुष्यभर शाळेत डबा खाताना ते आठवणार होतं. पाय मागे पळायला निघालेही. पण वारा गालावर लागत होता, आणि मघाचा चेंडू याच उंचीचा होता. हा जाणार. तिने पाय जमिनीत रोवले, रॅकेट अंगाशी धरली आणि डोळे मिटले.

मागे चेंडू पडल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही.

"आऊट," पंच म्हणाले.

तिने वळून पाहिलं. मातीवर चेंडूची खूण रेघेपलीकडे चार बोटं होती. प्रेमा जाळीपाशी हात पुढे करून उभी होती आणि म्हणत होती की हात आता गार नाही तुझा. वसुधा काय उत्तरली हे तिला पुढे कधीच आठवलं नाही.

फाटकापलीकडे श्यामसुंदर चहाच्या बाकड्यावर बसला होता. हातातल्या पेल्यावर साय धरली होती. तिला येताना पाहून तो उठला, तिच्या मातीने भरलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि समजूत घालायच्या तयारीने म्हणाला की तळपद्यांच्या मुलीकडून हरणं यात कमीपणा नाही.

"जिंकले," वसुधा म्हणाली.

"शेवटी रॅकेटचा आवाजच आला नाही. मी कान लावून बसलो होतो. म्हटलं, चेंडू गेला आणि सामना गेला."

"सोडला मी तो."

"सोडलास? आणि कोणी सांगितलं की—" तो मध्येच थांबला. त्याने सायीसकट तो गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

दोघं घोडागाडीकडे चालू लागली. दुसरा सामना उद्याच होता, आणि समोरची बाई प्रेमाहून वरचढ होती असं गुप्ते सांगत आले होते. गाडीत चढताना श्यामसुंदरने तिची रॅकेट हातात घेतली, जराशी फिरवून पाहिली आणि परत तिच्या मांडीवर ठेवली.

"उद्या," तो घोड्याकडे बघत म्हणाला, "मी कुठे बसू?"

असा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. वसुधाला भरून आलं. आत बसा म्हणावं, असं अगदी ओठांवर आलं तिच्या. तिने गालावरची माती पुसली.

"चहा बरा असतो का हो तिथला?" तिने विचारलं.

"बरा असतो," श्यामसुंदर म्हणाला.